पाटी आहे, घर नाही

पैज लागली ती एका मेलेल्या पक्ष्यावरून, आणि लावली ती अशा माणसानं, ज्याचं तोंड त्याच्या हातांपेक्षा कायम दोन पावलं पुढे असायचं.

त्या दिवशी रविवार आणि लेगी, म्हणजे जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला एक वार, एकत्र आले होते. असा योग महिन्या-सव्वामहिन्यानं एकदा येतो आणि त्या दिवशी गांग मांग्गिस गल्लीच्या मागच्या मैदानात पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा होते. स्पर्धा उरकली होती. तारांवरून पिंजरे खाली येत होते. हरलेले लोक पंचांच्या आईबापांची चौकशी करत होते, आणि जिंकलेले उगाच पिंजरा उंच धरून गर्दीच्या मधूनच चालत होते. मारवोतो ज्याला कांग, म्हणजे दादा, म्हणायचा त्या पोनिजानच्या टपरीवर तो तळलेल्या तेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, तुकडा मिरचीसकट चावत उभा होता. पोनिजान पक्ष्यांचं खाणं विकायचा, म्हणजे जिवंत रातकिडे आणि मुंग्यांची अंडी. तेंपे त्याची बायको तळायची. दोन्हींचे डबे शेजारी-शेजारी असायचे, तेव्हा गिऱ्हाईक जरा बघूनच हात घालायचं.

"काय रे वोतो," पोनिजान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्बाह प्रावीरोंचा कॉम्प्युटर लावून दिलास का?"

"लावतो की."

"मागच्या लेगीलाही 'इंग्गिह, इंग्गिह' म्हणाला होतास. तुझं म्हणजे कसं, हो-हो दहादा आणि माणूस एकदाही नाही."

बाकीचे फिदीफिदी हसले. इंग्गिह म्हणजे हो. पण सोलोत जन्मलेल्या माणसाला विचारा, इंग्गिहचे किती अर्थ होतात. हो, ऐकलं. हो, तुम्ही मोठे आहात. हो, पण आता उठा आणि घरी जा. आणि कधीकधी, अगदी मऊ आवाजात, नाही. कुठला इंग्गिह कुठला, हे नुसत्या घशावरून ओळखायचं असतं. ज्याला ओळखता येत नाही त्यानं दुसऱ्या गावात घर बघावं.

"कॉम्प्युटर लावणं म्हणजे तुझे रातकिडे मोजून देणं नाही," मारवोतो म्हणाला. "पण लावीन. पुढच्या रविवार-लेगीच्या आत रिंतिकला गायला लावीन."

"रिंतिक मेलाय."

"मेलेलाच गाईल. आणि नाही गायला, तर पिंजऱ्याचा गलेफ डोक्यावर घेऊन मी गाईन. इथं, मैदानात, पंचांसमोर."

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूला फारच माणसं उभी आहेत.

"आणि गायला तर," पोनिजाननं डबा आपटला, "यातले मूठभर किडे मी जिवंत खाईन!" इथं मात्र हशा पिकला. कारण वीस वर्षं किडे विकून पोनिजान अजून त्यांना चिमट्यानं उचलायचा.

रिंतिक म्हणजे रिमझिम. म्बाह म्हणजे आजोबा; म्बाह प्रावीरोंचा हा मुराई पक्षी. काळाभोर, विटकरी पोटाचा, आणि शेपटी एवढी लांब की पिंजरा मुद्दाम उंच बनवून घेतला होता. तो आधी चार ठेके मारायचा, खणखणीत. मग आवाज खाली आणत आणत असा काही झिरपायचा की पत्र्यावरचा पाऊस थांबता थांबता पडतोय असं वाटावं. पंच निशाण लावायचं विसरायचे. मागच्या वर्षी एका दुपारी तो दांडीवरून खाली पडला आणि संपला. मागे राहिला त्याचा पोरगा, लामात. त्याची सध्या पिसं गळत होती.

पिसं गळताना पक्षी गात नाही, नुसता ऐकतो. त्या दिवसांत जे कानात जाईल ते जन्मभर गळ्यात राहतं. म्हणून पिंजऱ्यावर जाड गलेफ घालायचा, खोली बंद करायची, बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, आणि उस्तादाचा आवाज ऐकवायचा. लामातचा उस्ताद मेला होता. पण त्याचा आवाज होता. तीन पावसाळे मारवोतोनं म्बाहच्या अंगणात माइक टांगून रिंतिकचं गाणं भरून घेतलं होतं आणि पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. तो प्रोग्राम त्यातले चांगले तुकडे निवडायचा, पहाटे आणि संध्याकाळी वाजवायचा, मध्ये नेमकी तेवढीच शांतता सोडायचा. प्रोग्रामसाठी त्यानं कॉम्प्युटरमध्ये एक वेगळी बंद खोली केली होती. बाहेरच्या प्रोग्रामची हवा आत येऊ नये आणि आतली बाहेर जाऊ नये अशी. त्या फोल्डरला नावही दिलं होतं 'गलेफ'. चार वर्षांपूर्वी ही गंमत त्यानं सगळ्या गल्लीला सांगितली होती आणि एकालाही कळली नव्हती.

तो जुना कॉम्प्युटर मेला. म्बाहच्या सुराबायातल्या मुलीनं नवा पाठवला. सामानाचं गाठोडं मारवोतोनं आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेलं होतं. आता नुसतं सोडायचं आणि चालू करायचं, एवढंच.

म्बाह प्रावीरोंच्या मागच्या खोलीत नियम कडक होते. बोलायचं नाही. खोकायचं नाही. चप्पल बाहेर. म्हातारा स्वतः कुजबुजायचा. पंच्याहत्तरी गाठली होती, पण चालताना फरशीलाही कळू द्यायचा नाही.

"स्पीकर मोठा ठेव, थोले," तो मारवोतोच्या कानाशी म्हणाला. थोले म्हणजे पोरा. मारवोतोचे केस कानाशी पिकले होते, तरी म्हाताऱ्याला तो थोलेच. "रिंतिकनं पहिला ठेका घेतला की लामातनं तो पूर्ण ऐकला पाहिजे. अर्धा गेला तर अर्धाच शिकेल."

"इंग्गिह, म्बाह."

मारवोतोनं स्पीकर मोठा केला. गाठोडं सोडलं. फोल्डर आला, त्यात सगळी नावं जिथल्या तिथं. त्यानं म्बाहकडे बघून डोळा मारला आणि चालू केलं.

टुंग.

हा टुंग त्यानंच घातलेला होता. प्रोग्राम चालला नाही तर म्हाताऱ्याला स्वयंपाकघरात कळावं म्हणून. पडद्यावर लिहून आलं, पायथन नावाची फाईल सापडत नाही.

मारवोतोनं बघितलं. फाईल होती. नाव होतं. त्यानं पुन्हा चालवलं. टुंग.

पुन्हा. टुंग.

पिंजऱ्यातून काहीच आवाज आला नाही. पिसं गळणारा पक्षी गप्पच असतो.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पोनिजाननं सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हणतो तुझा कॉम्प्युटर?"

"म्हणतो, पायथन सापडत नाही."

"पायथन? अजगर? पक्ष्याच्या खोलीत अजगर कशाला नेलास बाबा?"

"नाव आहे ते."

"आणि सापडत नाही? अरे, बघा बघा, म्बाहच्या घरात अजगर सुटलाय!" एकदोघांनी खरंच पाय वर घेतले. पोनिजान पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "बरं, आहे की नाही तो?"

"डोळ्यांसमोर आहे. नावानिशी."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतो."

"नाही रे. जे दिसतंय ती फाईल नाहीच. पाटी आहे. लिंक म्हणतात. तिच्यावर लिहिलंय, पायथन अमुक कपाटात आहे. जुन्या कॉम्प्युटरात ते कपाट होतं. नव्यात दुसरं कपाट, दुसऱ्या नंबरचा पायथन. पाटी आली बरोबर, कपाट तिकडंच राहिलं."

पोनिजाननं गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. तिथं बू तुमिराहच्या सातेची, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाची, पाटी अजून खांबाला होती. 'खमंग साते, पन्नास पावलं आत', आणि मोठा लाल बाण. बू तुमिराहनं शेगडीला रामराम ठोकून मुलाकडे जाऊन दोन वर्षं झाली होती. परगावचे लोक अजून बाणामागं आत जायचे, गटारापाशी पोचायचे, इकडं तिकडं बघायचे आणि तसेच परत यायचे.

"तशी?"

"अगदी तशी."

"मग पाटी पुस आणि दुसरी लाव. त्यात काय एवढं रडायचं?"

रडण्यासारखं होतं, पण पुढं. मारवोतोनं पाटी पुसून नव्या पायथनकडे वळवली. पायथन मिळाला. टुंग. आता आतली पुस्तकं, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार लायब्रऱ्या, सापडेनात, कारण ती जुन्या नंबरच्या कप्प्यात होती आणि नवा पायथन त्या कप्प्यात डोकावायला तयार नव्हता. कप्प्याचं नाव बदललं. टुंग. पुस्तकं जुन्या पायथनच्या मापानं शिवलेली, नव्याच्या अंगात बसेनात. वर आतल्या प्रत्येक छोट्या आज्ञेच्या पहिल्या ओळीत जुन्या घराचा पत्ता लिहिलेला. जुन्या कॉम्प्युटरात मालकाचं नाव 'प्रावीरो' होतं, मुलीनं नव्यात ठेवलं 'बापाक'. एवढ्यावरून सगळे नोकर जुन्या दारावर टकटक करत उभे.

एक पत्ता बदलला की पुढचा टुंग. तो बदलला की त्याच्या पुढचा.

खरं औषध मारवोतोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. असली बंद खोली उचलून नेता येत नाही. ती नव्या जागी नव्यानं बांधायची असते, सामानाची यादी देऊन. उचलून आणणं म्हणजे भिंतीवरची सावली खरवडून घरी नेण्यासारखं आहे. पण नव्यानं बांधायचं तर पुस्तकं परत उतरवून घ्यायची, त्यातली दोन कोणी लिहायची सोडून दिलेली, एक नव्या पायथनवर चढतच नाही. आणि मारवोतो हा मुळात असा माणूस की ठिगळानं भागत असेल तर कापड कशाला फाडा.

शेवटी ठिगळं संपली. त्यानं जुना 'गलेफ' बाजूला सारला आणि नवा विणायला घेतला. या वेळी पाट्यांवर त्याचा एवढा राग होता की त्यानं मुद्दाम सांगितलं, पायथनची लिंक नको, आख्खा पायथन उचलून आत ठेव. जागा खाऊ दे. निदान हात लावला तर हाताला लागेल. मग पुस्तकं. एक आलं. दुसरं अडलं. अडलेल्याला तिसरं हवं होतं, तिसऱ्याला चौथं. दुपारच्या दुपारी गेल्या. म्हातारा पायाचा आवाज न करता आल्याचा चहा आणून ठेवायचा आणि जायचा.

एकदा फार वेळा टुंग झालं तेव्हा मारवोतोला जरा लाज वाटली.

"हा आवाज चालेल ना, म्बाह?" त्यानं कुजबुजत विचारलं. "स्पीकर लहान करू का? पण मध्येच रिंतिक लागला तर..."

म्हातारा गलेफाकडे बघत होता. जरा थांबून म्हणाला, "इंग्गिह."

मारवोतोनं त्याचा अर्थ हो असा घेतला. डोक्यात तेव्हा चौथं पुस्तक होतं.

आणि एके दिवशी लागलं. सगळी पुस्तकं आत, कुठं लाल अक्षर नाही, पायथननं विचारल्याबरोबर आपला नंबर सांगितला. मारवोतोला नाचावंसं वाटलं, पण नियम आठवले, म्हणून तो खुर्चीत बसल्या बसल्या नुसता पायाची बोटं हलवून नाचला. त्यानं म्बाहला खूण केली. म्हातारा आत गेला आणि डोक्यावर ब्लांगकोन, ती जावानी बांधीव पगडी, चढवून आला, कोणाच्या लग्नाला निघाल्यासारखा. खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली, म्हणजे उचलून ठेवली. बसला. हात मांडीवर.

मारवोतोनं चालू केलं.

प्रोग्राम चालला. अगदी छान चालला. पडद्यावर नीट अक्षरांत लिहून आलं, 'आवाज शोधत आहे'. मग, 'सापडलेले आवाज: शून्य'.

टुंग.

म्हातारा तसाच बसून राहिला. त्याला वाटलं असेल, हा आधीचा टुंग, गाणं यानंतर.

मारवोतोनं 'स्वरा' नावाचा फोल्डर बघितला. रिंतिकची सगळी गाणी त्यात असायची. त्याचं नाव पडद्यावर लाल होतं. लाल तो पहिल्या दिवसापासूनच होता, पण तेव्हा सगळंच लाल होतं, याच्याकडे कोण बघणार? ठिगळं लावताना तो एकटाच राहून गेला होता. मारवोतोनं त्याला विचारलं, बाबा, तू कोण?

पाटी. फोल्डरही पाटीच होता. आणि बाण कुठं होता? 'मोठी डिस्क'.

मारवोतोनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

मोठी डिस्क जुन्या कॉम्प्युटरात वेगळी बसवलेली होती. गाणी मावेनात म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानंच ती तिथं ठेवली होती आणि प्रोग्रामच्या फोल्डरात नुसती लिंक टाकली होती. गाठोडं बांधताना त्यानं 'स्वरा' उघडून बघितलाही होता. सगळी गाणी दिसली होती. दिसणारच. बाण जिवंत असला की पाटीतून आरपार घर दिसतं. गाठोड्यात मात्र पाटीच गेली, इमानेइतबारे, जशीच्या तशी. लिंकमागचा माल उचल असं त्यानं सांगितलं नव्हतं, तर गाठोडं कशाला उचलेल?

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आड कुठं होता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या ऑगस्टमध्ये, सतरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या जल्लोषाआधी, गल्लीच्या कराओकेला डिस्क कमी पडत होती. मारवोतो म्बाहच्या घरी आला होता. बंद पडलेला जुना कॉम्प्युटर उघडून त्यानं मोठी डिस्क हातात घेतली आणि विचारलं होतं, "म्बाह, तुमचं सगळं मी पेनड्राइव्हवर घेतलंय. ही गल्लीसाठी नेऊ ना?"

आणि म्हातारा म्हणाला होता, "इंग्गिह."

कराओकेचं सामान पोनिजानच्या घरी असायचं. मारवोतो गेला तेव्हा पोनिजान ओसरीत किड्यांना केळीची सालं घालत होता, चिमट्यानं.

"काय रे, गायला मेलेला? मी आपला मीठ आणून ठेवलंय. जिवंत म्हणालो होतो, बिनमिठाचे नव्हतो म्हणालो."

"कांग, कराओकेची डिस्क दे."

"कशाला? सराव करतोस काय?"

मारवोतोनं नुसता हात पुढे केला. पोनिजाननं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चिमटा खाली ठेवला.

पुसलेल्या डिस्कवरून जुनं काढता येतं. वरून दुसरं लिहिलं नसेल तर. मारवोतोनं स्वतः ती पुसून नव्यानं आखली होती, गल्लीची गाणी भरली होती. पुढं पोनिजाननं हौसेनं त्यात प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, त्याच्या मेव्हण्याच्या निवडणुकीची मिरवणूक, सगळं ओतलं होतं. डिस्क काठोकाठ भरली होती. तरी मारवोतो दिवसभर पोनिजानच्या ओसरीत बसून खरवडत राहिला. नवरीचं अर्धं तोंड आलं. दांगदुतच्या नाचगाण्यातल्या एका कडव्याचा शेवट आला. खुद्द पोनिजानचा, माइक हातात घेतलेला, बेसूर 'आऽऽ' आला, तो मात्र अगदी पूर्ण.

आणि संध्याकाळच्या सुमाराला एक तुकडा आला. आधी पानांची सळसळ. मग म्बाह प्रावीरोंनी जिभेनं केलेलं ट्च ट्च ट्च. मग म्हाताऱ्याचा आवाज, हळू, लाडात, "चल, तिक. चल, राजा." मग एक श्वास. पुढं नुसतीच खरखर.

पोनिजाननं विचारलं, "आणि पक्षी?"

"पक्षी याच्या पुढं होता."

"पुढचं काढ की."

"पुढं तुझा मेव्हणा आहे, ट्रकवर उभा."

डब्यातले रातकिडे तेवढे बोलत होते.

"वोतो," पोनिजान म्हणाला, "पैज सोडून दे. मस्करी होती."

"सगळ्या गल्लीनं ऐकलीय."

"मग मी खातो किडे. तू जिंकलास असं सांगू."

मारवोतोनं त्याच्याकडे बघितलं. पोनिजाननं खरोखरच डब्यात हात घातला होता, उघडा हात, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"राहू दे कांग," मारवोतो म्हणाला. "ओकशील."

म्बाह प्रावीरो अंगणात तांदूळ निवडत बसले होते. मारवोतोनं उभ्यानं सांगितलं. पाटी, गाठोडं, मोठी डिस्क, कराओके, सगळं. त्याला वाटलं होतं म्हाताऱ्याला यातलं निम्मं कळणार नाही, आणि तेवढाच काय तो आधार होता.

"हो," म्बाह म्हणाले. "रिंतिक मोठ्या डिस्कवर होता. तू ठेवलास ना चार वर्षांपूर्वी, तेव्हा बोट लावून दाखवला होतास मला. 'म्बाह, तुमचा राजा या डबीत झोपतो.'"

मारवोतोला आपलाच विनोद आठवला. फार हसला होता तो तेव्हा.

"मग मी ती न्यायला आलो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्यानं सुपातला एक खडा काढला, बघितला, बाजूला ठेवला.

"तू एवढा जाणता माणूस. म्हणालास, सगळं घेतलंय. दारात एर्तेचे, गल्लीप्रमुखाचे पाहुणे उभे होते, कराओकेसाठी आलेले. त्यांच्यासमोर मी म्हणू, नाही पोरा, तू चुकतोयस?" तो हळूच हसला. "मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला वाटलं, मला माहीत नसेल."

"मी विचारलं होतं म्बाह! तुम्ही हो म्हणालात."

"मी इंग्गिह म्हणालो," म्बाह म्हणाले. "तू इथलाच ना रे?"

मारवोतोनं सूप ओढलं आणि थोडा वेळ त्यानंही खडे निवडले. निघताना त्यानं तो तुकडा म्बाहला ऐकवावा का असं मनात आणलं. नाही ऐकवला. पक्ष्याला बोलावणारा आपलाच आवाज आणि पुढं काही नाही, हे त्या माणसाला कशाला ऐकवायचं?

रविवार-लेगी आला. ऊन पडलं, तारा ताणल्या, निशाणं रोवली. स्पर्धा उरकल्यावर कोणी घरी जाईना. पोनिजानचं तोंड उतरलेलं होतं, पण माइक त्याच्या हातात होता आणि गर्दी पुढ्यात, तेव्हा रक्त आपलं काम करणारच.

"मंडळी! आता एक नवीन जात! मुराई नव्हे, ही आहे मारवोतो! पोट मोठं, शेपटी नाही, खातो तेंपे! पंचांनी कृपा करून हसू नये!"

मारवोतो स्टुलावर चढला. पिंजऱ्यांच्या तारेखाली, रिंतिक टांगायचे त्याच जागी. त्यानं हात पसरून सगळ्यांना कुर्निसात केला, शेपटी नसलेलं ढुंगण हलवून दाखवलं, आणि बायका किंचाळेपर्यंत हसल्या. मग मोठा गलेफ डोक्यावरून खाली ओढून घेतला.

आत काळोख होता. दाण्यांचा वास होता. बाहेरचा गलका लांबून आल्यासारखा. कापडाच्या एका विरलेल्या जागेतून त्याला म्बाह प्रावीरो दिसले. पहिल्या रांगेत, ब्लांगकोन घालून, शेजारी झाकलेला पिंजरा. लामातची पिसं आली होती. म्हाताऱ्यानं गलेफ काढला. लांब, चकचकीत, नवी शेपटी. अगदी बाप.

म्हातारा त्याला ऐकवायला घेऊन आला होता. दुसरं होतं काय ऐकवायला?

मारवोतोची मस्करी तिथं संपली. त्यानं ओठ ओले केले आणि शीळ घातली. पहिला ठेका. दुसरा. तीन पावसाळे कानाला हेडफोन लावून त्यानं हे गाणं कापलं होतं, जोडलं होतं. त्याच्याएवढं ते कोणाला पाठ असणार? तिसरा ठेका बरा बसला. चौथ्याला गर्दी गप्प झाली. खरंच गप्प. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तर..."

मग ते झिरपणं. आवाज खाली आणायचा, आणि मग. मारवोतोनं आणला. आणि मग काय होतं? एक छोटी उडी होती का आधी? दोन थेंब आणि थांबायचं, की तीन? त्यानं एक करून बघितलं. ते नव्हतं. दुसरं. तेही नव्हतं. दर वेळी वाटे, हे काय, इथंच तर आहे, आणि तिथं जावं तर काही नसे. हे पाठ करायची गरजच कधी पडली नव्हती. कॉम्प्युटरात होतं ना.

विरलेल्या जागेतून त्यानं म्बाहकडे बघितलं. म्हाताऱ्याचे ओठ चंबू झाले होते. हलत होते. तेही शोधत होते, आणि त्यांनाही मिळत नव्हतं.

मैदान इतकं शांत की तारा करकरलेल्या ऐकू याव्यात.

आणि लामातनं मान उचलली. गळा फुगवला. त्या पक्ष्याचं पहिलं गाणं. सगळ्या गल्लीनं श्वास धरला.

"टुंग," लामात म्हणाला.

स्वच्छ, खणखणीत, स्पीकर मोठा ठेवल्यासारखं.

"टुंग. टुंग." मग नेमकी तेवढीच शांतता, माणसानं एखादा पत्ता बदलावा तेवढी. "टुंग."

आधी एक पोरगी हसली. मग सगळं मैदान फुटलं. पंच हसले, बायका हसल्या, माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. पोनिजान तेवढा हसत नव्हता. माइक चालूच होता, आणि त्यातून नुसता त्याचा श्वास येत होता. बापाचा गळा, बापाची शेपटी, आणि पोरगं मन लावून, मान वाकडी करकरून, जे शिकवलं गेलं ते म्हणत होतं. आता ते निघणार नव्हतं. गळलेल्या पिसांच्या दिवसांत गेलेलं निघत नाही, हे त्या हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

म्बाह प्रावीरोंनी गलेफ पुन्हा पिंजऱ्यावर सोडला, चारी कोपरे नीट केले. कापडाखालून टुंग येतच राहिलं. ते उठले, गर्दीतून वाट काढत स्टुलापाशी आले आणि उभे राहिले. मारवोतोला आतून फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"म्बाह," तो गलेफातून म्हणाला. आवाज बाहेर जाईल इतपत. "मी बाहेर येऊ?"

म्हातारा जरा थांबला.

"इंग्गिह," तो म्हणाला, अगदी मऊ.

मारवोतो इथलाच होता. तो बाहेर आला नाही.